आधी तुम्ही म्हणा

बाईंचा आवाज काही एका दिवसात गेला नाही. आधी नुसता सकाळी घसा खरखरायचा, गरम पाणी घेतलं की मोकळा व्हायचा. मग ती खरखर दुपारपर्यंत राहायला लागली. शेवटी एका बुधवारी तिसरीच्या वर्गात धडा वाचता वाचता वाक्याच्या मध्येच आवाज बंद पडला. तोंड हलतंय, बाहेर नुसती हवा. समोरच्या एकतीस मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना मोहरीएवढ्या गाठी आल्या होत्या. अठ्ठावीस वर्षं रोज पाच-पाच तास मोठ्यानं बोलल्याचा हा परिणाम होता. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजताना घशाला उलट जास्त ताण पडतो. एवढं पाळलं तर गाठी आपोआप बसतील, नाहीतर शस्त्रक्रिया. वर्गाचं काय, हे विचारायला बाईंनी तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं. इतक्या वर्षांत बाईंना कुणी असं गप्प बसवलं नव्हतं.

मुख्याध्यापिका रजा द्यायला तयार होत्या. पण वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर आली होती आणि बदली शिक्षक मिळत नव्हता. बाई रजेवर गेल्या असत्या तर मुलं पाच-पाच, सहा-सहा करून दुसऱ्या वर्गांत वाटली गेली असती. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, 'मी येणार.' कसं शिकवणार, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा शेजारच्या चौथीच्या वर्गावरचे तरुण सर पुढे आले. त्यांना नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, तरी सगळी शाळा त्यांना अजून नवे सरच म्हणायची. ते म्हणाले, बाईंच्या कपाटात बारा टॅब आहेत, त्यांत तिसरीचे सगळे धडे आहेत, आणि ते धडे टॅब स्वतःच वाचून दाखवतात.

बाईंच्या कपाटात टॅब होते हे खरं. गेल्या वर्षी प्रत्येक वर्गाला मिळाले तेव्हापासून ते नकाशांच्या गुंडाळ्यांखाली खोक्यातच होते. मुलं कानानं शिकतात, असं बाईंचं ठाम मत होतं. त्यांची रीत ठरलेली. एक वाक्य त्या म्हणायच्या, मागून वर्ग म्हणायचा. तिसऱ्या खेपेला धडा मुलांच्या तोंडात बसलेला असायचा. दुपारी त्यांच्या वर्गाचा एकसुरी आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि जाणारे-येणारे कौतुकानं थांबायचे. नवे सर वाद घालणाऱ्यांतले नव्हते. एकदाच शिक्षकांच्या खोलीत ते म्हणाले होते की टॅबवर प्रत्येक मूल आपापल्या वेगानं जातं. त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "वेगानं गाड्या जातात, सर. मुलं आपली हात धरून जातात."

आता मात्र इलाज नव्हता. खोकी निघाली, धूळ झटकली गेली, आणि दोघा-तिघांत एक टॅब अशी वाटणी झाली. बटण दाबलं की एक बाई गोड आवाजात धडा वाचायची. मुलं पहिल्या दिवशी हरखून गेली. दुसऱ्या दिवशी एकानं तक्रार केली की ही बाई श्वासच घेत नाही. बाईंना मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पण बारा टॅब थोड्या थोड्या अंतरानं बोलायला लागले की वर्गाचा बाजार व्हायचा. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात नव्या सरांनी सगळ्यांचा आवाज बंद करून टाकला. मुलांनी एकेकट्यानं मनात धडा वाचायचा आणि खालच्या दहा प्रश्नांची उत्तरं बोटानं टिपायची, असं ठरलं. दोन दिवसांत सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सर गुणांची यादी घेऊन आले आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

ती ओळ मैनाची होती. दहापैकी दोन.

मैना हे तिचं खरं नाव नव्हतं. ते बाईंनीच पाडलेलं, आणि आता घरीही तिला तीच हाक पडायची. दोनदा ऐकलेली कविता तिला पाठ व्हायची, तीही नेमक्या चढउतारासकट. शाळेत पाहुणे आले की बाई तिलाच पुढे करायच्या. वर्गात मागून म्हणताना सगळ्यांच्या वर तिचा आवाज असायचा. ज्या मुलीवर बाईंनी डोळे मिटून विसंबावं, अशी ती होती.

बाईंनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'यंत्र चुकलंय.'

"चुकलं असेल," सर म्हणाले. "तुम्ही एकदा स्वतः पाहा."

मधल्या सुट्टीत बाईंनी मैनाला थांबवून घेतलं. आधी तिसरीचं पुस्तक पुढे ठेवलं. मैनानं धडा घडाघडा म्हणून दाखवला, एकही चूक नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. पण मैनानं पान उलटलं ते दोन ओळी उशिरा, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. मग त्यांनी कपाटातून गोष्टींचं एक जुनं पुस्तक काढलं, वर्गात कधीही न वाचलेलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मैना त्या ओळीकडे बघत राहिली. मग मान वर करून अगदी सहज, रोजच्यासारखं म्हणाली, "बाई, आधी तुम्ही म्हणा ना. मग मी म्हणते."

बाईंनी मनात हिशेब केला. ही जवळजवळ दोन वर्षं आपल्या वर्गात आहे. दुसरीपासून आपणच तिचा वर्ग घेतोय, रोज आपणच आधी म्हणतोय आणि ती मागून म्हणतेय. तिला वाचता येत नाही हे आपल्या लक्षात यायला आपला आवाज जावा लागला. एक यंत्र दोन दिवसांत जे सांगून गेलं, ते आपल्याला दिसलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मैनाला खेळायला जायची खूण केली. ती पळत गेलीसुद्धा. बाई मात्र सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिल्या.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्या मैनाच्या घरच्यांना भेटायला गेल्या. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीभर घड्याळं टिकटिकत होती. मैनाचे वडील कुणाचं तरी घड्याळ पोचवायला गेले होते आणि आई आत जुळ्यांना भरवत होती. दुकानात आजोबा बसले होते, शेजारी मैना. आजोबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली होती. आता त्यांना उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, पण घड्याळ कानाला लावून कुठलं चाक अडतंय ते अजून सांगायचे.

"आमच्या बाई आल्यात," मैनानं सांगितलं. तिचा चेहरा जरा उतरला होता.

आजोबांनी बसायला सांगितलं, घशाची चौकशी केली. बाईंनी स्टुलावर बसून पिशवीतली पाटी काढली आणि सावकाश लिहिलं, 'मैनाच्या वाचनाबद्दल बोलायला आले आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण तुमची मदत लागेल.' लिहून झाल्यावर पाटी त्यांनी आजोबांसमोर धरली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. आपल्याला बोलता येत नाही, यांना दिसत नाही.

"मैना, काय लिहिलंय बाईंनी?" आजोबांनी विचारलं.

मैनानं पाटीकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग तिनं एक दम घेतला आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई म्हणतात, मैना वर्गात सगळ्यात हुशार आहे."

"एवढंच? खडू तर बराच वेळ चालला होता."

"बाईंचं अक्षर मोठं आहे," मैना म्हणाली.

बाईंना हसू आवरेना, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. घशातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी तोंडावर पदर धरला. आजोबा काही क्षण नुसतेच ऐकत राहिले, घड्याळाचं ऐकावं तसे. मग म्हणाले, "बाई, ही मला रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवते. परवा वाचलं की नदीवरचा पूल एका महिन्यात बांधून झाला. त्याआधी एका म्हाताऱ्याचं वीस वर्षांपूर्वी हरवलेलं घड्याळ सापडलं, तेही चालू. रोज कुणाचं ना कुणाचं भलं झालेलं असतं. असा पेपर कुठे निघत नाही, एवढं मला कळतं."

मैना उठून उभी राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे, कान आहेत की. पान उलटायच्या आधीच तू पुढची बातमी सुरू करतेस." त्यांनी हात पुढे केला, तो तिच्या डोक्यावर टेकला. "मला वाटायचं, शाळेत वाचत असेल, घरी कंटाळा करते. आणि तुझ्या बातम्या ऐकायला बरं वाटायचं. चूक माझी आहे, बाळ."

मग मैना रडली. मोठ्यानं नाही, बाईंच्या मांडीवर तोंड खुपसून. आजोबांनी बाकीचं सांगितलं. मैना पहिलीत असताना जुळी झाली, आई पाच महिने अंथरुणाला खिळली. तेव्हा मैनाला आत्याकडे ठेवलं होतं. तिथे शाळा नव्हती. परत आली तोवर वर्गाची अक्षरओळख संपून जोडाक्षरं सुरू झाली होती. मग तिनं तिचं ती निभावून नेलं. कशावर, तर फक्त कानांवर.

बाईंना बोलता येत असतं तर तेव्हा त्यांनी बरंच काही सांगितलं असतं. धीर दिला असता, दोन गोष्टी समजावल्या असत्या. काहीच सांगता येत नव्हतं, म्हणून त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मैनाचे वडील आल्यावर त्यांना पाटी वाचायला दिली. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मैना थांबेल, असं ठरलं.

अक्षरं शिकवायची तर आवाज लागतो. तो टॅबकडे होता. नव्या सरांनी त्यात अक्षरओळखीचा भाग काढून दिला. अक्षरावर बोट ठेवलं की ती न थकणारी बाई 'क' म्हणायची, शंभर वेळा ठेवलं तरी शंभर वेळा, कपाळाला आठी न घालता. बाईंनी हे मनातल्या मनात मान्य केलं, की शंभराव्या वेळी आपल्याला आठी पडली असती.

पण प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र होतं. मैना चार दिवसांत सगळी अक्षरं ओळखायला लागली आणि टॅब टाळ्या वाजवायला लागला. बाईंना संशय आला. ती उत्तर देताना नजर अक्षरावर नसून शेजारी जाते, हे त्यांनी पाहिलं. चित्र घालवायची सोय त्यात नव्हती, तेव्हा त्यांनी कागदाची पट्टी कापली आणि चित्रांवर चिकटवून टाकली.

सर ते पाहून हबकले. "बाई, पडद्यावर असं काही चिकटवत नाहीत."

बाईंनी लिहिलं, 'का? त्याला दुखतं?'

चित्र झाकल्यावर त्या सगळ्या अक्षरांची नऊच राहिली. नऊ तर नऊ, तिथून सुरुवात झाली. टॅबनं अक्षर म्हणायचं, मग बाई टॅब पालथा घालून तेच अक्षर पाटीवर काढायच्या, उलटसुलट क्रमानं, मोठं-लहान, तिरकं. मैना सवयीनं त्यांच्या तोंडाकडे बघायची, ओठ हलतील म्हणून. ते हलायचे नाहीत. ती वाट बघायची, बाईही वाट बघायच्या. हे वाट बघणं बाईंना फार जड जायचं. एवढी वर्षं मूल अडलं की पुढचा शब्द त्यांनी लगेच हातात ठेवला होता. आता ठेवता येत नव्हता, आणि मैनाला पाटीखेरीज दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काना-मात्रा आल्या. चौथ्या आठवड्यात ती दोन दिवस रुसली, माझ्या डोक्यात बसतच नाही म्हणाली, पाटी ढकलून दिली. बाईंनी ढकललेली पाटी उचलली, पुसली आणि त्यावर मांजराचं चित्र काढायला घेतलं. मांजर इतकं वाईट जमलं की मैनानंच शेवटी पाटी ओढून ते दुरुस्त केलं. त्या दिवशी शिकणं तेवढंच झालं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी फार उकडत होतं. वर्गात दोघीच होत्या. बाईंनी कपाळावरचा घाम टिपला आणि पाटीवर दोन शब्द लिहिले. शिकवायचं असं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. बोलता येत नव्हतं म्हणून त्या आताशा सगळंच लिहायच्या.

मैनानं पाटी जवळ घेतली. "खि... खिड... की." ती थांबली. बाईंचे ओठ मिटलेले. "उ... घ... ड." मग तिनं ते सगळं मिळून पुन्हा मनात म्हटलं, हे तिच्या हनुवटीवरून दिसत होतं. ती उठली, बाक सरकवला, त्यावर चढली आणि खिडकी उघडली.

वारा आत आला. मैना बाकावर उभीच होती, खिडकीचा गज धरून.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही हे मला सांगितलंत, आणि मला ऐकू आलं नाही तरी कळलं."

बाईंनी मान हलवली. हात पुढे करून त्यांनी तिला खाली उतरवलं आणि बराच वेळ तो हात सोडला नाही.

सहा आठवडे संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी बसल्या होत्या. आवाज परत आला, पण पूर्वीचा खणखणीत नाही. जाडसर, खालच्या पट्टीतला, थोडा वेळ बोललं की दमणारा. डॉक्टरांनी बजावलं, वर्गाच्या वर आवाज चढवायचा नाही, कधीच नाही. घरी आल्यावर बाईंनी नवऱ्याला हाक मारली, तर तो दचकून बाहेर आला. त्याला वाटलं, कुणी परकी बाई आली आहे.

परीक्षेत मैनाला वाचनात पासापुरते गुण मिळाले. बोट ठेवून, अडखळत, पण न ऐकलेला उतारा तिनं शेवटपर्यंत वाचला. घरी आता ती खरा पेपर वाचते, आणि आजोबांची कुरकुर चालते की जग फारच बिघडलंय.

निकालाच्या दिवशी बाई नव्या सरांना म्हणाल्या, "तुमचं हे यंत्र नसतं तर मला कळलंच नसतं."

सर म्हणाले, "मला कळून तरी काय झालं असतं? दोन गुण पडल्यावर यंत्र सांगत होतं, हिला सोपा धडा द्या. तुम्ही नसता तर मी तेच केलं असतं. वर्षभर सोपे धडे देत बसलो असतो."

पुढच्या वर्षी बाईंनी तोच वर्ग चौथीत पुढे नेला. कविता त्या अजूनही आधी म्हणतात आणि वर्ग मागून म्हणतो, कारण कविता कानानंच घ्यायची असते, हे मत त्यांनी सोडलं नाही. पण धडा मुलं आधी मनात वाचतात, आणि मुख्याध्यापिकांकडे भांडून मिळवलेल्या रोजच्या वीस मिनिटांत बाई एकेकाला जवळ बसवून ऐकतात. टॅबची यादी समोर असते. यादी आणि कान जिथे जुळत नाहीत, तिथे त्या थांबतात. या वीस मिनिटांत त्यांना वाचता न येणारी आणखी दोघं सापडली.

तिसरं मूल शोधावं लागलं नाही. वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, शेवटच्या बाकावर बसणारी, नेहमी इतरांची पुस्तकं आवरून ठेवणारी. एका दुपारी सगळे गेल्यावर ती दप्तर छातीशी धरून टेबलापाशी येऊन उभी राहिली. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "मलापण येत नाही."

बाईंना आता बोलता येत होतं. तरी त्या काही बोलल्या नाहीत. बाकावर जराशा सरकल्या आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.